सोलापूरच्या उन्हात आणि सोलापूरच्या हातात टिकेल असा फोन आखायचा झाला तर?

आरेखक_सोलापूर यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. मी एका औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत यांत्रिक आरेखन शिकवतो. यंदा सत्र संपताना मुलांना एक सोपे वाटणारे काम दिले होते: आपल्या घरातले एक माणूस डोळ्यांपुढे ठेवा, त्याच्यासाठी मोबाइल फोन आखा आणि मापे मिलिमीटरमध्ये द्या. चित्रे हातात आली आणि मी खट्टू झालो. एकाच्या वडिलांचे अक्कलकोट रस्त्याच्या औद्योगिक वसाहतीत टॉवेलचे माग आहेत, एकीची आई विड्या वळते, एकाचे आजोबा मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ज्वारी करतात, आणि तरीही साऱ्यांचा फोन एकच निघाला: कडेपासून कडेपर्यंत काच, पाठीवर तीन कॅमेरे आणि जाडी जितकी कमी करता येईल तितकी. जाहिरातीतला फोन मुलांनी इमानेइतबारे उतरवून काढला होता. घरातले माणूस कागदावर आलेच नव्हते.

मुलांना बोल लावण्यात अर्थ नाही, कारण बाजारात जे दिसते तेच डोळ्यांत बसते. परंतु फोनचा आकार काही वरून ठरून आलेला नाही. ३ एप्रिल १९७३ रोजी मार्टिन कूपर यांनी न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून हातात धरता येणाऱ्या फोनवर पहिला कॉल केला, तेव्हा त्या यंत्राचे वजन किलोभराहून अधिक होते. २००३ साली आलेला नोकिया ११०० अवघ्या ८६ ग्रॅमचा होता. त्याच्या कळांवर धूळ आत शिरू न देणारे एकसंध आवरण होते, बाजू घामेजल्या हातातून निसटू नयेत अशा होत्या आणि माथ्यावर विजेरी होती. जगभरात त्याचे २५ कोटींहून अधिक नग विकले गेले. तो आखताना कोणीतरी धूळ, घाम आणि अंधार यांचा विचार करायला बसले होते, एवढे त्यावरून नक्की कळते.

तेव्हा माझा प्रश्न असा आहे. सोलापुरात दिवसभर राबणाऱ्या माणसाचा फोन तुम्ही कसा आखाल? अट एकच: प्रत्येक मागणीसोबत तिच्यासाठी काय सोडायला तयार आहात तेही लिहा, कारण फुकटच्या मागण्यांची यादी कोणीही करू शकते. माझा कच्चा आराखडा सांगतो. रुंदी ७० मिलिमीटरच्या आत, म्हणजे एका हाताच्या अंगठ्याला पलीकडची कड गाठता येईल. पाठ फिक्या रंगाची, कारण गडद पाठ उन्हात अधिक तापते. बॅटरी नखाने झाकण उघडून काढता येईल अशी. त्यासाठी मी पातळपणा, काचेची पाठ आणि बिनतारी चार्जिंग या तिन्ही गोष्टींवर पाणी सोडायला तयार आहे.

नवीपेठ_दुरुस्ती यांचे उत्तर

सर, नवी पेठेत माझे फोनदुरुस्तीचे दुकान आहे आणि काढता येणाऱ्या बॅटरीला माझे पहिले मत आहे. मात्र त्यामागचे कारण केवळ सोय हे नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

लिथियम-आयन बॅटरी वापराने झिजते तशी नुसत्या उष्णतेनेही झिजते. तापमान वाढले की आतल्या द्रावाच्या आणि पट्ट्यांच्या नको त्या रासायनिक क्रिया वेग घेतात, त्यांतून वायू तयार होतो आणि पाकीट फुगते. बॅटरी पूर्ण भरलेली असेल आणि त्याच वेळी तापलेलीही असेल, तर नुकसान सर्वांत जास्त होते. पत्र्याखालच्या खोलीत उशीशेजारी रात्रभर चार्जिंगला लावलेला फोन हे त्याचे नेहमीचे उदाहरण. आयफोनच्या सूचनांमध्ये तो ० ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात वापरावा असे म्हटलेले असते. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतला पारा ४० च्या वर असतो, म्हणजे उन्हाळाभर अवघे सोलापूर सूचनेबाहेरचाच फोन वापरत असते. एप्रिल उजाडला की माझ्याकडे पाठ उचललेले फोन यायला लागतात, आणि गिऱ्हाइकाचे म्हणणे ठरलेले असते: ‘काही केले नाही हो, आपोआप उघडला.’

हा फोन उघडणे हे खरे जिकिरीचे काम. झाकण गोंदाने बसवलेले असते, ते तापवून सैल करायचे, पातळ पट्टी कडेने फिरवायची आणि मग खाली चिकटवलेली बॅटरी ओढून काढायची. त्या ओढाताणीत पाकिटाला भोक पडले तर धूर आणि आग. फुगलेली बॅटरी काढताना मी आजही दुकानातल्या पोराला लांब उभे करतो. पाणी शिरू नये म्हणून गोंद लागतोच, असे सांगितले जाते, पण २०१४ च्या सॅमसंग गॅलॅक्सी एस-५ ला नखाने निघणारे झाकण होते आणि तरीही तो आयपी-६७ दर्जाचा (धूळ-पाणी आत न शिरू देण्याचे माप) होता. २०२२ च्या गॅलॅक्सी एक्सकव्हर-६ प्रोमध्ये तर आयपी-६८ आणि काढती बॅटरी एकत्र दिली होती. झाकणाच्या आतून रबराची कड फिरवली की काम भागते. यात एक मेख आहे, तीही प्रामाणिकपणे सांगतो: त्या रबरावर सुताचा एक तंतू अडकला तरी पाण्याला वाट मिळते, आणि आपल्या गावात तंतूंना तोटा नाही.

तंतूंवरून आठवले, चादरी-टॉवेलच्या कारखान्यांतून येणाऱ्या फोनचे दुखणे जवळजवळ एकच असते. टाइप-सी चार्जिंगच्या भोकात मधोमध एक नाजूक जीभ असते. तिच्या भोवतीच्या फटीत सुताची भुकटी साठते, चार्जरची पिन दर वेळी ती आत दाबते, आणि काही महिन्यांनी तळाशी चक्क नमद्यासारखा थर तयार होतो. मग पिन पूर्ण बसत नाही आणि गिऱ्हाईक म्हणते, चार्जिंग पिन बदला. मी फोन बंद करून लाकडी काडीने तो थर उकरून काढतो आणि पैसे घेत नाही. कधी कधी मात्र घरीच सुईने उकरताना ती जीभ मोडलेली असते. तेव्हा पैसे घ्यावे लागतात. भोक खालच्या कडेला असले की खिशातली भुकटी त्यात बसते आणि वरच्या कडेला नेले की मागावरून उडणारी भुकटी पडते. म्हणून माझ्या आराखड्यात ते बाजूच्या कडेला असेल, आणि त्याचा छोटा बोर्ड दोन स्क्रू काढून बदलता येईल. बाजूला तार असली की चार्जिंग चालू असताना फोन हातात धरणे अवघड होईल, हे खरे. उन्हाळ्यात ते झाले तर बरेच.

आणखी एक. स्क्रीन सपाट ठेवा. कडांना वळवलेली काच फुटली की काच, टचपॅड आणि स्क्रीन मिळून ज्याला आम्ही फोल्डर म्हणतो तो सगळाच बदलावा लागतो, आणि त्याची किंमत ऐकून लोक फोन तसाच फुटका वापरतात.

मी काय सोडेन? पाण्यात बुडवण्याचा दर्जा. पावसाचे थेंब सोसले की मला पुरे. शिवाय थोडा धंदाही सोडावा लागेल, कारण बॅटरी नखाने निघू लागली तर माझ्याकडे येईल कोण!

हजार_विड्या यांचे उत्तर

सरांनी उल्लेख केलेली विडी कामगाराची मुलगी मी नव्हे, पण असू शकले असते. माझी आई तीस वर्षे विड्या वळते आहे. पाला भिजवायचा, पत्र्याच्या मापाने कात्रीने कापायचा, तंबाखू भरून वळायचा, दोरा बांधायचा. हजार विड्या झाल्या की दिवस संपतो. या कामात बोटांची टोके इतकी गुळगुळीत होतात की फोनचे ठसायंत्र तिला ओळखतच नाही. ते यंत्र बोटावरच्या रेघा आणि त्यांमधल्या खाचा यांतला फरक वाचते. रेघाच झिजल्या असतील तर ते काय वाचणार? रेशनच्या दुकानातल्या यंत्रापुढेही तिला एकेक बोट आळीपाळीने टेकवत उभे राहावे लागते. त्यामुळे ‘बोट लावा आणि फोन उघडा’ ही सोय तिच्या लेखी रोजचा अपमान आहे. तिला चार आकडी खूण पाठ आहे, ती दाबायला खऱ्या कळा मात्र नाहीत.

स्पर्शाने चालणाऱ्या स्क्रीनचेही तसेच. स्क्रीन बोटाची विद्युतधारणा ओळखते, पण ओल्या हाताचे पाणी वर पसरले की नेमका स्पर्श कुठे झाला हे तिला कळत नाही. आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येते, आणि आले की घरातला प्रत्येक हात ओला असतो. वहिनीचा फोन नेमका तेव्हाच वाजतो. म्हणून स्क्रीनखाली दोन ठसठशीत कळा हव्यात, एक फोन उचलायची आणि एक ठेवायची. बोटाला न बघता कळावे म्हणून एक फुगीर असावी आणि दुसरी खोलगट.

तिसरी कळ संकटकाळाची. भारतात २०१७ पासून फोनमध्ये अशी सोय असावी असा नियम झाला. स्मार्टफोनवर चालू-बंदची कळ तीनदा दाबली की, किंवा साध्या फोनवर ५ अथवा ९ चा आकडा दाबून धरला की मदतीचा कॉल जावा, अशी ती कल्पना होती. मी आमच्या गल्लीतल्या बायकांना विचारून पाहिले, एकीलाही हे माहीत नव्हते. जी सोय डोळ्यांना दिसत नाही ती घाबरलेल्या माणसाला कशी आठवणार? ती कळ लाल असावी आणि चुकून दाबली जाऊ नये म्हणून कडेच्या खाचेत असावी.

आमच्या घरात तेलुगू बोलतात, मराठी वाचतात आणि आई दोन्ही नीट वाचू शकत नाही. कॉल आला की फोनने नाव मोठ्याने उच्चारावे, तेही घरातल्या माणसाने आपल्या आवाजात भरून ठेवलेले, म्हणजे ‘सुनंदा’चे ‘सनंडा’ होणार नाही. बदल्यात ठसायंत्र आणि पाठीवरचे जास्तीचे दोन कॅमेरे काढून टाका. पुढचा कॅमेरा मात्र ठेवा. तिची बहीण तेलंगणात असते आणि रविवारी त्या दोघी एकमेकींना पाहिल्याशिवाय जेवत नाहीत.

मराठीचे_मास्तर यांचे उत्तर

वरच्या दोन्ही उत्तरांत यंत्राच्या अंगाचा विचार झाला; मी त्याच्या तोंडाचा, म्हणजे अक्षरांचा करतो. भारतात विकल्या जाणाऱ्या फोनवर २२ अनुसूचित भाषांतला मजकूर वाचता यावा, तसेच इंग्रजी आणि हिंदीखेरीज आणखी एका भारतीय भाषेत लिहिता यावे, असे भारतीय मानक आयएस १६३३३ च्या तिसऱ्या भागात म्हटले आहे. अक्षरे दिसतात, हे मान्य. कशी दिसतात, हा माझा प्रश्न आहे.

देवनागरीला ओळीच्या वर मात्रा, रफार आणि अनुस्वार लागतात, खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय लागतात. रोमन लिपीच्या मापाने आखलेल्या ओळीत ही सारी मंडळी दाटीवाटीने बसतात, आणि माझ्यासारख्या सत्तरीच्या माणसाने अक्षरे मोठी केली की प्रथम कापले जातात ते उकार. बटणावरचा मजकूर तर ‘रद्द क…’ असा अर्ध्यावर तुटतो आणि पुढे ‘करा’ आहे की ‘करू नका’ याचा अंदाज बांधावा लागतो. पैसे पाठवताना असा अंदाज बांधणे मला परवडत नाही. म्हणून आदर्श फोनचा आराखडा आधी मोठ्या मराठी अक्षरांत करावा. त्यात जे मावेल ते इंग्रजीत सहज मावते, उलट मात्र होत नाही.

टंकनाचेही सांगतो. ‘आचार्यांना बोलवा’ आणि ‘आचाऱ्यांना बोलवा’ या दोन आज्ञांत मंडपात पोहोचणारा माणूस बदलतो. पहिल्या आज्ञेने विद्वान येतात आणि दुसरीने स्वयंपाकी. हा ‘ऱ्य’ लिहायची वाट अनेक कळफलकांत इतकी आडबाजूला असते की लोक ती शोधणे सोडून देतात, आणि ‘दऱ्या’ लिहिण्याऐवजी ‘दर्या’ लिहून डोंगरात समुद्र आणतात. ‘ळ’, ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ पहिल्याच पानावर हवेत.

उन्हात वाचता यावे म्हणून काच चकचकीत नसून किंचित खरखरीत असावी. अशा काचेवर रंग थोडे फिके दिसतात, ते मी सोडले. शेवटची मागणी हेडफोनच्या गोल भोकाची. २०१६ साली आयफोन ७ मधून ते गेले आणि पाठोपाठ इतरांनीही काढले. एफएम रेडिओला हेडफोनची तारच अँटेना म्हणून लागते. भोक गेले तसे माझ्या खिशातून सोलापूर आकाशवाणी गेली. गड्ड्याच्या यात्रेच्या गर्दीत मोबाइलचे नेटवर्क मान टाकते, तेव्हाही रेडिओ बोलत असतो.

काउंटरवरून यांचे उत्तर

सर्वांचे वाचले. मी नवे फोन विकतो, त्यामुळे थोडे कडू लिहितो. या पानावर मागितलेला फोन गिऱ्हाईक काउंटरवर मागत नाही. छोटा फोन हवा अशी मागणी जगभर होती. ॲपलने २०२० मध्ये आयफोन १२ मिनी आणि २०२१ मध्ये १३ मिनी आणले, आणि १४ क्रमांकात मिनी आलाच नाही. भाग बदलता येणारा फोन म्हणून प्रोजेक्ट आराचा २०१३ पासून मोठा गाजावाजा झाला. गुगलने तो २०१६ मध्ये गुंडाळला. प्रत्येक भाग सुटा केला की प्रत्येक जोडाला जागा, वजन आणि खर्च लागतो. नेदरलँड्समधली फेअरफोन कंपनी २०१३ पासून स्क्रूने उघडणारे फोन विकते आहे, पण तो ठरावीक आवडीच्या लोकांचा फोन राहिला. त्यातून साच्यांचा खर्च इतका असतो की केवळ सोलापूरपुरता फोन कोणीच काढणार नाही. विडी कामगार ताईंची आई दुकानात आली, तर शेजारी उभा असलेला नातू कॅमेऱ्याकडे बघूनच फोन ठरवतो, हे मी रोज पाहतो.

एक गोष्ट मात्र कबूल करतो: गिऱ्हाइकाने मागितले नाही तरी कायद्याने आकार बदलतो. युरोपीय संघाने टाइप-सी सक्तीचे केले, ते २८ डिसेंबर २०२४ पासून लागू झाले, आणि आयफोनने तर २०२३ मध्येच आपले जुने भोक सोडले. २० जून २०२५ पासून तिथे फोनचे सुटे भाग विक्री थांबल्यानंतरही ७ वर्षे उपलब्ध ठेवावे लागतात. तेव्हा सरांनी मुलांना फोनच्या चित्राबरोबर एक नियमही लिहायला सांगावा. चित्रापेक्षा तो लवकर कामाला येईल.

नवीपेठ_दुरुस्ती यांचे उत्तर

काउंटरवाले म्हणतात ते खरे आहे, पण नातवाने ठरवलेला फोन आठ महिन्यांनी आजीच घेऊन येते, आणि येते ती माझ्याकडे. मास्तरांना विनंती, आणखी एक भोक वाढवू नका.

आरेखक_सोलापूर

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री बसून आराखडा पुन्हा काढला. जाडी ११.५ मिलिमीटरवर गेली आहे, कारण निघणारे झाकण, रबराची कड आणि बॅटरीचे स्वतःचे टणक कवच यांना जागा द्यावी लागली. कवचामुळे बॅटरी ५००० ऐवजी ४००० मिलिअँपिअर-तासांवर आली. ती बदलता येते, त्यामुळे मला चालते. चार्जिंगचे भोक डाव्या कडेला नेले. कळांनी खालचे १४ मिलिमीटर घेतले, तेवढी स्क्रीन आखूड झाली. ओळीची उंची मास्तरांच्या अक्षरांनुसार धरली आणि मग कळले की एका वेळी स्क्रीनवर पाचच नावे मावतात. सहावे नाव बसवण्यासाठी मी अर्धा तास झटलो आणि शेवटी सोडून दिले.

हेडफोनच्या भोकाबद्दल दोन्ही बाजू ऐकून ते ठेवायचे ठरवले आहे. त्यात मधली जीभ नसते, स्पर्शपट्ट्या भिंतीला असतात, म्हणून काडी फिरवून ते साफ करता येईल असे मला वाटते. दुरुस्तीवाल्या दादांनी हे तपासून सांगावे. नियम लिहिण्याची सूचना मान्य आहे, पुढच्या तुकडीला तेच काम देतो. विडी कामगार ताईंना एक विनंती: मी मापाने पुठ्ठ्याचा नमुना कापून त्यात वाळूची पुरचुंडी भरली आहे, वजन १९० ग्रॅम. तो आपल्या आईंच्या हातात देऊन पाहाल का?

हजार_विड्या

नमुना काल मिळाला. आईने तो दिवसभर सुपाशेजारी ठेवला, दोनदा कानाला लावला, कळांवरून बोट फिरवले आणि उचलायची कळ उजवीकडे हवी असे सांगितले, कारण डाव्या हातात वळलेली विडी असते. जड वाटला का, असे विचारले तर म्हणाली, पडला तर कळेल तरी. मग तो उलटसुलट करून पाहत राहिली. शेवटी विचारले, ‘याला दोरी ओवायला भोक कुठाय? गळ्यात अडकवायचा कसा?’ जुन्या फोनना ते असायचे. आपल्या सगळ्यांच्या आराखड्यांत ते राहूनच गेले आहे. कुठल्या कोपऱ्यात हवे ते तिला विचारले आहे. तिने पुठ्ठ्यावर कोळशाने खूण केली आहे, तिचा फोटो संध्याकाळी टाकते.